संगणक जाळ्यांचे स्वयंचलन : आधी वाचन, मग बदल

(जाळे-व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संगणक सुरक्षा यंत्रणेने काही निर्देश जारी केले. त्यांतील एक निर्देश घड्याळांविषयी होता. सेवा पुरवठादार, माहिती केंद्रे, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या सर्व संगणक प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी मेळ असलेल्या सर्व्हरशी जुळवून घ्यावीत, असे त्यात म्हटले होते. कारण उघड आहे. जाळ्यात कोणी घुसखोरी केली तर तिचा माग यंत्रांनी ठेवलेल्या नोंदींवरून काढावा लागतो. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असेल तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही. याच निर्देशांनी नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधनही घातले. ज्या नोंदींवरील वेळच चुकीची आहे त्या १८० दिवस जपून काय साधणार?

कागदावर हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय होतो हे पाहण्यासाठी एखाद्या जिल्ह्याचे काल्पनिक उदाहरण घ्यावे. जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील कार्यालये, पंचायत समित्या, कोषागार आणि रुग्णालये मिळून तेथे २४० स्विच व राउटर आहेत. प्रत्येक उपकरणात प्रवेश करायचा, जुनी ओळ पाहायची, नवी टंकायची, तपासायची, जतन करायची आणि बाहेर पडायचे, या कामाला सराईत हातालाही सहा मिनिटे लागतात. २४० उपकरणांचे १,४४० मिनिटे झाले. म्हणजे चोवीस तास, अर्थात कामाचे पूर्ण तीन दिवस, आणि तेही मध्ये एकदाही दूरध्वनी वाजला नाही तर.

हे तीन दिवस संपल्यावर हाती काय लागते? काही ठिकाणी पत्त्यातील दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. काही ठिकाणी नवी ओळ लिहिली गेली, पण जुनी तशीच राहिली; कारण अनेक उपकरणांत अशी आज्ञा जुन्या सर्व्हरची जागा घेत नाही, ती यादीत भर घालते. वेळ-सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ सांगतो आणि भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक उपकरणावर वेगळा नोंदवावा लागतो. कोणी 'पाच' लिहून पुढचे 'तीस' विसरतो, आणि त्या कार्यालयाच्या नोंदी कायम अर्धा तास मागे राहतात. काही ठिकाणी सर्व बरोबर असते, फक्त बदल जतन केलेला नसतो. चालू स्मृतीतील कॉन्फिगरेशन आणि कायम स्मृतीतील कॉन्फिगरेशन या दोन भिन्न गोष्टी आहेत. वीज गेली आणि उपकरण पुन्हा सुरू झाले की ते कायम स्मृतीतील जुनीच मांडणी उचलते. ज्या गावात दुपारी वीज जाते तेथे ही चूक संध्याकाळपर्यंत उघडी पडते. जेथे वीज जात नाही तेथे ती दोन वर्षे दडून राहू शकते.

अशा कामासाठी स्क्रिप्ट वापरावी, म्हणजे आज्ञा हाताने न टंकता एका लहानशा आज्ञावलीकडून त्या उपकरणांना द्याव्यात, हे आता सर्वमान्य झाले आहे. मात्र स्वयंचलन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम वेग येतो. तीन दिवसांचे काम वीस मिनिटांत होते याचे आकर्षण स्वाभाविक असले तरी वेग हा या विद्येचा सर्वांत दुय्यम लाभ मानावा लागेल. खरा लाभ असा, की जाळे कसे असावे हे एका जागी लिहून ठेवण्याची आणि ते प्रत्यक्षात तसे आहे का हे यंत्राकडून वारंवार तपासून घेण्याची सवय लागते. ही सवय नसलेल्या हातात वेग आला तर २४० ठिकाणी होणाऱ्या वेगवेगळ्या चुकांऐवजी एकच चूक २४० ठिकाणी होते, इतकाच काय तो फरक.

पडद्यावरील मजकुराशी झटापट

या विद्येचा इतिहास फार लांबचा नाही. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डॉन लिब्स यांनी 'एक्स्पेक्ट' नावाचे साधन पुढे आणले. समोरच्या यंत्राकडून अमुक शब्द पडद्यावर येण्याची वाट पाहायची आणि तो आला की तमुक उत्तर पाठवायचे, एवढेच त्याचे काम. 'पासवर्ड' हा शब्द दिसला की पासवर्ड द्यायचा, आज्ञेसाठीचे चिन्ह दिसले की पुढची आज्ञा द्यायची. माणूस जे करतो त्याचीच ही नक्कल होती. राउटरवर पडद्यावरील आज्ञांवाचून दुसरा मार्ग फारसा उपलब्ध नसल्याने जाळे-व्यवस्थापकांनी ती आनंदाने स्वीकारली. पुढे पर्ल भाषेतील स्क्रिप्ट आल्या. 'रॅन्सिड' नावाचे एक साधन आले, जे ठरावीक वेळी सर्व राउटरांचे कॉन्फिगरेशन गोळा करते आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदलले ते टपालाने कळवते. या शब्दाचा इंग्रजीतील अर्थ 'खवट' असा होतो. साधन मात्र पुष्कळ टिकले.

या पद्धतीचे दुबळेपण असे, की पडद्यावरील मजकूर माणसासाठी लिहिलेला असतो. उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत एका स्तंभाची रुंदी बदलली किंवा एखादा शब्द संक्षेपाने लिहिला, की तो मजकूर वाचणारी स्क्रिप्ट अडखळते. जून २००२ मध्ये इंटरनेटच्या रचनेची दिशा ठरवणाऱ्या मंडळाने जाळी प्रत्यक्ष चालवणारे अभियंते आणि मानके लिहिणारे तज्ज्ञ यांची एक कार्यशाळा घेतली. तिचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही प्रत्येक प्रशिक्षणार्थीने वाचावा असा आहे. उपकरणांवर देखरेख ठेवण्यासाठी १९८८ पासून 'एसएनएमपी' ही पद्धत होती, पण कॉन्फिगरेशन बदलण्यासाठी तिचा वापर जवळजवळ कोणीच करीत नाही, हे तेथे स्पष्टपणे पुढे आले. अभियंत्यांच्या मागण्या अगदी साध्या होत्या. काय असावे आणि सध्या काय चालू आहे, या दोन गोष्टी वेगळ्या वाचता याव्यात. कॉन्फिगरेशन मजकुराच्या रूपात मिळावे, म्हणजे दोन प्रती ताडून पाहता येतील. आणि एकेका उपकरणाचा नव्हे, तर संपूर्ण जाळ्याचा एकत्र विचार करता यावा.

या मागण्यांतूनच डिसेंबर २००६ मध्ये 'नेटकॉन्फ' हे मानक आले. २०१० साली कॉन्फिगरेशनचे वर्णन करणारी 'यँग' ही भाषा आली. माणसाने वाचायचा पडदा आणि यंत्राने वाचायची माहिती यांची अशा रीतीने फारकत झाली. मात्र मानक आल्याने जुनी उपकरणे नाहीशी होत नाहीत. सरकारी कार्यालयांच्या कपाटांत दहा-बारा वर्षे चाललेले स्विच असतात आणि त्यांना पडद्यावरील आज्ञांखेरीज दुसरी भाषा कळत नाही. त्यामुळे आजच्या शिकणाऱ्याला दोन्ही मार्ग माहीत असावे लागतात. पायथन भाषेतील 'नेटमिको' हे साधन जुन्या मार्गाची वाट सुकर करते. निरनिराळ्या उत्पादकांच्या उपकरणांत प्रवेश कसा करायचा, कोणत्या चिन्हाची वाट पाहायची, हे तपशील ते स्वतः सांभाळते. २०१२ साली सुरू झालेले आणि २०१६ पासून जाळ्यांच्या उपकरणांसाठीही पुढे आलेले 'अ‍ॅन्सिबल' हे साधन तर स्क्रिप्ट लिहिण्याऐवजी अपेक्षित स्थितीचे वर्णन लिहायला सांगते.

शिकण्याचा क्रम

येथे एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागेल, कारण तो प्रत्येक वर्गात विचारला जातो. आधी पायथन पूर्ण शिकावी काय? पूर्ण भाषा शिकून मग जाळ्याकडे वळू असे म्हणणारे बहुधा जाळ्यापर्यंत पोचतच नाहीत. यादी, कोश, पुनरावृत्ती, फाइल उघडणे आणि चूक झाली असता काय करावे हे सांगणे, एवढे पाच विषय नीट समजले तर पहिले उपयोगी काम करता येते. बाकीची भाषा कामाच्या ओघात येते. उलट जाळ्याचे ज्ञान मात्र आधीच पक्के हवे. ज्याला व्हीलॅन म्हणजे काय ते ठाऊक नाही त्याला व्हीलॅन बदलणारी स्क्रिप्ट लिहिता येते, हाच धोका आहे.

पहिले काम केवळ वाचनाचे असावे. उपकरणांची यादी एका फाइलमध्ये लिहावी. प्रत्येकात जाऊन त्याचे प्रारूप, अनुक्रमांक, आज्ञावलीची आवृत्ती, घड्याळाची वेळ आणि संपूर्ण कॉन्फिगरेशन आणून ठेवणारी स्क्रिप्ट लिहावी. या स्क्रिप्टला वापरायला दिलेला पासवर्डही फक्त वाचनाचा अधिकार असलेला असावा, म्हणजे चुकूनही काही बिघडणार नाही. हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यातून निघणारी माहिती अनेकदा धक्कादायक असते. नोंदवहीत २४० उपकरणे असतात, उत्तर २२९ देतात. उरलेली अकरा कोठे आहेत? काही बंद पडलेली, काहींचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, दोन दुसऱ्या इमारतीत हलवलेली, आणि एखादे असे की जे नोंदवहीत आहे पण कपाटात नाही. मग नोंदवहीत नसलेली सात उपकरणे जाळ्यात सापडतात. एकही आज्ञा बदलण्यापूर्वी जाळ्याची खरी जनगणना हाती येते, आणि लेखापरीक्षणाच्या दृष्टीने ती पुढच्या सर्व स्वयंचलनापेक्षा मोलाची ठरू शकते.

आणलेली कॉन्फिगरेशन 'गिट' या आवृत्ती-नोंद ठेवणाऱ्या साधनात रोज जमा करावीत. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली हे साधन लिनक्सच्या आज्ञावलीसाठी तयार केले; पण कोणत्याही मजकुराच्या कालच्या आणि आजच्या प्रतींतील फरक ते ओळीनिशी दाखवते. काल रात्री तहसीलच्या राउटरवर कोणी काय बदलले, या प्रश्नाचे उत्तर मग तर्कावर अवलंबून राहत नाही.

त्यानंतरची पायरी साच्याची. सरकारी कचेरीत छापील नमुना अर्ज असतो. मजकूर सर्वांसाठी एकच, नाव, गाव व तारीख यांच्या जागा रिकाम्या. 'जिन्जा' नावाचे साधन कॉन्फिगरेशनचे असेच नमुने तयार करू देते. घड्याळाच्या चार ओळी साच्यात एकदाच लिहायच्या आणि वेळ-सर्व्हरचे पत्ते, कार्यालयाचे नाव, उपकरणाचा पत्ता या गोष्टी वेगळ्या माहिती-फाइलमध्ये ठेवायच्या. (एनआयसीच्या वेळ-सर्व्हरांच्या नावात 'समय' हा शब्द आहे, ही एक सुखद गोष्ट.) ही माहिती-फाइल बहुधा 'यॅमल' या पद्धतीने लिहितात. तीत ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागांनाही अर्थ असतो आणि समासासाठी 'टॅब' कळ चालत नाही. नवशिक्याचा पहिला आठवडा या मोकळ्या जागा मोजण्यात जातो, त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही.

साचा आणि माहिती वेगळी केली की विचाराची पद्धतच बदलते. टाकीत दोन बादल्या पाणी ओता, असे सांगणे वेगळे आणि टाकी भरलेली असू द्या, असे सांगणे वेगळे. पहिली सूचना दोनदा पाळली तर पाणी वाहून जाते. दुसरी दहादा पाळली तरी बिघडत नाही. स्क्रिप्ट दुसऱ्या प्रकारची असावी. 'हा वेळ-सर्व्हर जोडा' असे न म्हणता 'या उपकरणावर हे दोनच वेळ-सर्व्हर असावेत' असे तिने म्हणावे. मग ती आधी पाहते, जे कमी असेल ते जोडते, जे जास्त असेल ते काढते, आणि सर्व ठीक असेल तर कशालाही हात न लावता पुढे जाते. जुनी ओळ मागे राहण्याची हातकामातील चूक येथे आपोआप टळते. आज्ञा देऊन थांबायचेही नाही. काही मिनिटांनी पुन्हा जाऊन घड्याळ खरोखर जुळले का, हे विचारायचे. वेळ-सर्व्हरचा पत्ता बरोबर असूनही वाटेतील सुरक्षा भिंत त्याची वाट अडवत असेल, तर कॉन्फिगरेशन निर्दोष आणि घड्याळ चुकीचे, अशी स्थिती राहते. सर्ट-इनच्या निर्देशाला घड्याळाशी कर्तव्य आहे, ओळीशी नाही.

बदल करण्याआधी रंगीत तालीम घ्यावी. अ‍ॅन्सिबलमध्ये प्रत्यक्ष बदल न करता काय बदलले असते ते दाखवण्याची सोय आहे. तालीम पाहिल्यावर एक उपकरण, मग पाच, मग एक तालुका, आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबून तपासणी. सर्वांत सावधगिरी हवी ती उपकरणाकडे जाणाऱ्या मार्गालाच हात लावताना. ज्या व्हीलॅनमधून किंवा ज्या प्रवेश-नियमामुळे अभियंता त्या उपकरणापर्यंत पोचला आहे तोच बदलणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे. उपकरण साठ किलोमीटरवर असेल तर मग गाडी काढण्यावाचून इलाज नसतो. यासाठी ज्युनिपरच्या उपकरणांत एक उत्तम सोय आहे: बदल लागू केल्यावर ठरलेल्या वेळेत, एरवी दहा मिनिटांत, अभियंत्याने तो पक्का केला नाही तर उपकरण स्वतःहून पूर्वस्थितीवर येते. सिस्कोच्या जुन्या उपकरणांवर अनुभवी लोक वेगळी युक्ती करतात. ते आधी 'दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो' अशी आज्ञा देतात, मग जतन न करता बदल करतात, आणि सर्व ठीक असल्यास ती आज्ञा मागे घेऊन बदल जतन करतात. येथे न जतन केलेले कॉन्फिगरेशन, जे एरवी चूक ठरले असते, तेच तारक ठरते.

एक आज्ञा आणि अनेक तास

ही सावधगिरी भित्रेपणाची वाटत असेल तर ४ ऑक्टोबर २०२१ ची घटना आठवावी. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर एकाच वेळी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशानुसार, नेहमीच्या देखभालीत जागतिक मुख्य जाळ्याची क्षमता पाहण्यासाठी एक आज्ञा देण्यात आली होती. तिने त्या जाळ्यातील सर्वच जोडण्या तोडल्या. अशी आज्ञा अडवणारे तपासणी-साधन तेथे होते, पण त्यातच दोष असल्याने ते काम करू शकले नाही. मुख्य जाळ्याशी संपर्क तुटल्यावर कंपनीच्या नाव-सर्व्हरांनी इंटरनेटवरून आपले मार्ग मागे घेतले. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. शेवटी अभियंत्यांना माहिती केंद्रांत प्रत्यक्ष जावे लागले, आणि तेथील कडक सुरक्षेमुळे आत शिरण्यासही वेळ लागला.

दुसरी घटना कमी परिचित, पण प्रशिक्षणार्थींसाठी अधिक बोधक आहे. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा खंडित झाली. आपत्कालीन ९११ क्रमांकावर संपर्क होईना, दुकानांतील डेबिट कार्डचे व्यवहार थांबले. पूर्ववत होण्यास एक दिवसाहून अधिक काळ गेला. मुख्य जाळ्याच्या सुधारणेचे काम सात टप्प्यांत चालू होते आणि हा सहावा टप्पा होता. वितरण राउटरांच्या कॉन्फिगरेशनमधून एक गाळणी काढण्यात आली, त्यामुळे मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि ते बंद पडले. कॅनडाच्या दूरसंचार नियामकासाठी झालेल्या स्वतंत्र परीक्षणात एक तपशील आढळला. पहिल्या टप्प्याला 'उच्च' धोक्याचा शेरा होता. आधीचे टप्पे निर्विघ्न पार पडल्याने सहाव्या टप्प्यापर्यंत धोका मोजणाऱ्या गणिती पद्धतीने तो शेरा 'कमी' असा केला होता, आणि त्यामुळे वरिष्ठांची कडक तपासणी टळली. व्यवस्थापनासाठी वेगळे जाळे नसल्याने अभियंत्यांचा उपकरणांशीच नव्हे तर एकमेकांशीही संपर्क तुटला.

पाच वेळा यश आले म्हणून सहाव्यांदा तपासणी सैल करणे हा मानवी स्वभाव आहे. स्वयंचलनाने हा स्वभाव दूर होत नाही. रॉजर्सच्या उदाहरणात तर तोच गणितात उतरला होता. म्हणूनच तपासणी-साधनाचीही तपासणी हवी, आणि जाळे कोसळल्यावरही चालू राहील असा दुसरा मार्ग, मग तो एखाद्या मोडेमचा का असेना, आधीपासून हवा.

सार्वजनिक जाळी कोणाच्या हाती

देशातील सार्वजनिक जाळ्यांचा विस्तार पाहता हा विषय मोठ्या कंपन्यांपुरता उरलेला नाही. राज्यव्यापी क्षेत्र जाळ्यांच्या योजनेला २००५ साली ३,३३४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि राज्यांची मुख्यालये तालुक्यांशी जोडली जाऊ लागली. राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मार्च २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपये मंजूर झाले. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, तिचेच पुढे भारतनेट झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपयांची मान्यता दिली. या सुधारित आराखड्यात जोडण्या वर्तुळाकार असून तालुका व ग्रामपंचायत या दोन्ही स्तरांवर राउटर आहेत, आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. ग्रामपंचायतींची संख्या अडीच लाखांच्या घरात आहे. एवढ्या राउटरांना सहा-सहा मिनिटे हाताने देणे अशक्य असल्याने स्वयंचलन येथे अटळ आहे. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या हाती असेल आणि काम करणाऱ्याला त्यातले किती समजत असेल.

अनेक कार्यालयांत दिसणारे चित्र असे: देखभालीचा ठेका दिलेला असतो, ठेकेदाराच्या एखाद्या हुशार तरुणाने स्क्रिप्ट लिहिलेल्या असतात, त्या त्याच्या लॅपटॉपवर असतात, आणि त्यांत उपकरणांचे पासवर्ड उघड लिहिलेले असतात. ठेका संपतो, तरुण दुसरीकडे जातो, स्क्रिप्टही जातात. पासवर्ड मात्र तेच राहतात. जाळे कसे असावे याचे लेखी वर्णन ही सार्वजनिक मालमत्ता आहे. इमारतीचा नकाशा जसा कंत्राटदाराच्या घरी राहू दिला जात नाही, तसेच हे. निविदेतच अशी अट असावी की साचे, माहिती-फाइली आणि बदलांचा संपूर्ण इतिहास कार्यालयाच्या भांडारात राहील, पासवर्ड कुलूपबंद स्वरूपात वेगळे ठेवले जातील, आणि ठेका बदलताना ते बदलले जातील. या अटीला पैसे लागत नाहीत. ती तपासू शकेल असा एक तरी कर्मचारी कार्यालयात असावा लागतो, आणि अडचण तेथेच आहे.

शिकण्याच्या साधनांची वानवा आता राहिलेली नाही. सिस्कोने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या सीसीएनए परीक्षेची जी नवी आवृत्ती आणली तिच्या अभ्यासक्रमात स्वयंचलनाला दहा टक्के भार दिला गेला. 'जीएनएस-३'सारख्या मोफत साधनाने आणि 'एफआर राउटिंग' या मुक्त आज्ञावलीने एका साध्या लॅपटॉपवर दहा-बारा राउटरांचे जाळे उभे करता येते. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स, पायथन यांसारख्या विषयांचे दृक्‌श्राव्य पाठ विनामूल्य दिले असून त्यांतील अनेक पाठ मराठीसह इतर भारतीय भाषांत ऐकता येतात. इंग्रजीचा धसका घेतलेल्या पदविकाधारकांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून स्क्रिप्टमधील टिपाच काय, चलांची नावेही देवनागरीत लिहिता येतात. आज्ञा इंग्रजीतच राहतील. पण ही ओळ का लिहिली, कोणत्या कार्यालयासाठी लिहिली, हे मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहून ठेवायला कोणाचीही हरकत नाही.

अलीकडे स्क्रिप्ट लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही हाताशी आली आहेत. पहिला मसुदा ती झटकन देतात, आणि तो अनेकदा बरा असतो. पण त्यांनी लिहिलेली ओळ आपल्या उपकरणाच्या आवृत्तीत तोच अर्थ देते का, जुनी ओळ काढते का, जतन करते का, हे ती ओळ वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. लिहिण्याचे श्रम कमी झाले, तेवढे वाचण्याचे वाढले.

आपल्या नोकरीचे काय, ही शंका प्रशिक्षणार्थींच्या मनात असणारच आणि ती टाळू नये. केवळ आज्ञा टंकण्याचे काम कमी होत जाईल, हे खरे आहे. परंतु त्या जिल्ह्याच्या उदाहरणातील अकरा हरवलेली उपकरणे शोधण्याचे, सुरक्षा भिंत कोठे वाट अडवते ते ओळखण्याचे, दहा मिनिटांत बदल पक्का करावा की परत जाऊ द्यावा हे ठरवण्याचे काम कोणतीही स्क्रिप्ट करीत नाही. हे काम करणारी माणसे तालुक्याच्या पातळीवर आजही पुरेशी नाहीत.

या वर्गाचा पहिला पाठही त्याच बेताने आखलेला आहे. प्रयोगशाळेतील बारा उपकरणांची यादी प्रत्येकाला दिली जाईल, आणि तिच्यात दोन नोंदी जाणूनबुजून चुकीच्या असतील. पहिल्या आठवड्यात कोणालाही बदलाचा अधिकार मिळणार नाही. प्रत्येकाने वाचनाची स्क्रिप्ट लिहून प्रारूप, अनुक्रमांक आणि घड्याळाची वेळ यांचा तक्ता आणायचा, तो कपाटाजवळ उभे राहून उपकरणांवरील चिठ्ठ्यांशी ताडायचा, आणि चुकीच्या दोन नोंदी कोणत्या ते लिहून द्यायचे. ज्यांचा तक्ता जुळेल त्यांना सोमवारी एका उपकरणाचा, एकाच उपकरणाचा, लिहिण्याचा पासवर्ड मिळेल.